एकोणीस शब्दांचा अर्ज

१९५९ साली बंगळुरात माझ्याइतकं चोख इंग्रजी व्याकरण शिकवणारा दुसरा माणूस नव्हता, असं मला वाटे. हे मत माझ्याखेरीज आणखी कुणाचं होतं का, याची चौकशी करण्याच्या भानगडीत मी कधी पडलो नाही.

दिवसा मी एका शाळेत शिकवीत असे आणि संध्याकाळी सहा ते साडेसात शिवाजीनगरातल्या माझ्या घराच्या पुढच्या खोलीत कारकुनांचा क्लास घेत असे. सरकारी खात्यांतल्या कारकुनांना बढतीसाठी परीक्षा द्यावी लागे. तिच्यात इंग्रजीचा एक पेपर असे आणि त्या पेपरात ‘पुढील वाक्ये संक्षिप्त करा’ असा एक प्रश्न असे. आठ मार्कांचा. उरलेल्या ब्याण्णव मार्कांचंही मी थोडंफार शिकवी, पण माझा जीव त्या आठ मार्कांत होता.

प्रकार साधा आहे. ‘द मॅन हू इज स्टँडिंग देअर’ असं वाक्य आलं की त्यातला ‘हू इज’ उचलून बाहेर टाकायचा. उरतं ‘द मॅन स्टँडिंग देअर’. माणूस तिथेच उभा राहतो आणि दोन शब्द कमी होतात. ‘द लेटर विच वॉज रिटन बाय हिम’ यातला ‘विच वॉज’ काढला तरी पत्र त्यानंच लिहिलेलं राहतं. मराठीतही हे चालतं. ‘जो माणूस तिथे उभा आहे तो’ असं म्हणण्यापेक्षा ‘तिथे उभा असलेला माणूस’ म्हटलं की काम भागतं. हे सगळं फळ्यावर करून दाखवताना, विशेषतः शब्द पुसताना, मला खरोखर आनंद होई. लोक लिहून खूश होतात. मी पुसून खूश होणारा माणूस होतो.

आठ मार्कांची गोष्ट मी हळूहळू घरातही आणली. माझी बायको तुंगाबाई म्हणाली, “जी भाजी तुम्ही परवा आणली होती नं, ती आज केलीय,” की मी लगेच म्हणे, “परवा आणलेली भाजी आज केलीय. निम्मे शब्द वाचले बघ.” “वाचलेले ताटात वाढू का?” असं ती विचारी आणि खरोखरच त्या दिवशी भाजी जरा कमी वाढी. माझ्या मेहुण्याच्या लग्नाची पत्रिका मी इतकी आटोपशीर करून दिली होती की सासरची मंडळी ती अजून कपाटातून काढून पाहुण्यांना दाखवतात. कौतुकानं नव्हे.

माझ्या हाताखालून गेलेल्यांत सगळ्यात तयार विद्यार्थी म्हणजे गुंडो. मी ‘हू’ म्हणायच्या आत त्याची पेन्सिल त्या शब्दावर आडवी पडलेली असे. त्या वर्षी तो पास झाला आणि ऑक्टोबरात एका मोठ्या खात्याच्या मुख्य कचेरीत बदलून गेला. जाताना पाया पडून म्हणाला, “सर, तिथे तुमचं नाव काढीन.” पोरानं शब्द पाळला.

त्याच खात्याच्या क्वार्टर्स आमच्या गल्लीच्या टोकाला होत्या. कौलारू, एकाला एक लागून, अठ्ठेचाळीस. त्यांतल्या एकीत तानूबाई राहत. त्यांचा नवरा खात्यात अटेंडर, म्हणजे शिपाई होता आणि सप्टेंबरात कचेरीतच छातीत कळ येऊन गेला होता. त्यांना गल्लीत सगळे मामा म्हणत. मीही नऊ वर्षं त्यांना मामाच म्हणत आलो होतो. सकाळी नळावर भेटले की ते म्हणत, “मास्तर, आराम?” आणि मी म्हणे, “आराम, मामा.” आमची ओळख यापुढे कधी गेली नव्हती आणि ती पुढे न्यावी असं मला वाटलंही नव्हतं.

नोव्हेंबरात एका रविवारी तानूबाई माझ्या पायरीवर येऊन बसल्या. सोबत त्यांची मुलगी सकवार होती. पोरगी एसएसएलसीला, म्हणजे मॅट्रिकला, बसायची होती, मार्चमध्ये. त्यांच्या घरात आजवर कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. तानूबाईंच्या हातात खात्याची नोटीस होती. कामावरचा माणूस गेला, तेव्हा क्वार्टर्स एकतीस डिसेंबरच्या आत खाली करा, असं तीत होतं.

“मास्तरअण्णा,” तानूबाई म्हणाल्या, “माझा भाऊ कोलारकडे असतो. तिकडं जायचं तर सकवारची शाळा सुटली. मधेच कोण घेतंय हिला? एप्रिलपर्यंत राहू द्या म्हणून स्वल्प लिहून द्या. चांगल्या इंग्रजीत द्या. तुमचं इंग्रजी म्हटल्यावर साहेब ऐकेल.”

चांगलं इंग्रजी म्हटल्यावर मी विरघळलोच. आत जाऊन शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिकांचे कोरे उलटे कागद आणले आणि म्हणालो, “तुम्ही मराठीत सांगत चला, तानूअक्का. इंग्रजीचं मी बघतो.”

त्या सांगू लागल्या. दीड तास सांगत होत्या. मला आता ते सगळं आठवतं, कारण ते विसरण्याची पुढे सोय राहिली नाही. “लिवा, ज्यांनी बावीस वर्षं तुमची चाकरी केली. जे दर सोमवारी शिडी घेऊन कचेरीतल्या सतरा घड्याळांना किल्ली द्यायचे. ज्यांना लिहायवाचायला येत नव्हतं पण फाईल कुठल्या कपाटात आहे ते झोपेत विचारलं तरी सांगायचे. ज्यांनी पोरीला शाळेत घातली म्हणून भावकीत बोलणी खाल्ली. जे त्या दिवशी बरं वाटत नसताना, सोमवार आहे, घड्याळं थांबतील म्हणून गेले.” मधेच त्या थांबत, पदर तोंडाला लावत आणि पुन्हा “लिवा” म्हणत. मी लिहीत होतो. तीन पानं भरली. एक एक ‘जे’ आणि ‘ज्यांनी’ कागदावर उतरवताना माझा हात शिवशिवत होता. इतकी कापण्यासारखी वाक्यं एका जागी मी परीक्षेच्या पेपरातही पाहिली नव्हती.

एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती आणि आली नाही. त्या तीन पानांत मामांचं नाव कुठेच नव्हतं. तानूबाई नवऱ्याचं नाव घेणाऱ्या बायकांपैकी नव्हत्या. आमच्या घरी तरी कोण घेतं? तुंगाबाईनं माझं नाव लग्नातल्या उखाण्यात घेतलं, त्यानंतर मी जो ‘अहो’ झालो तो झालोच. त्यामुळे मला ते खटकलं नाही. इंग्रजी मसुदा करायला बसलो तेव्हा ‘वाइफ ऑफ द लेट’ इतकं लिहून मी पुढे जागा मोकळी सोडली. सकवारला उद्या नाव विचारून घेऊ, असं ठरवलं. पत्ता म्हणून माझाच दिला, केअर ऑफ विश्वेश्वर मास्तर. खरं सांगायचं तर सरकारी शिक्क्याचा लखोटा पोस्टमननं गल्लीतल्या चारचौघांसमोर माझ्या हातात द्यावा, ही माझी जुनी हौस होती.

सोमवारी संध्याकाळी क्लासमध्ये मला कल्पना सुचली. ती सुचली नसती तर बरं झालं असतं, पण तेव्हा मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. फळ्यावर काय लिहावं हे शोधण्यापेक्षा तानूबाईंचा अर्जच का घालू नये? खरा अर्ज, खरी गरज, खरे ‘हू’ आणि ‘विच’. मी सबंध मसुदा फळ्यावर उतरवला. फळा पुरला नाही म्हणून उरलेला भाग भिंतीवर खडूनं लिहिला आणि वीस कारकुनांना सांगितलं, “सगळ्यात कमी शब्दांत कोण करतो, बघू.”

वर्गाला चेव चढला. दोनशेचे नव्वद झाले, नव्वदाचे पन्नास झाले. ‘हू सर्व्ह्ड फॉर ट्वेंटी-टू इयर्स’चं आधी ‘हॅव्हिंग सर्व्ह्ड’ झालं, मग कुणीतरी म्हणालं की साहेबाला हे माहीतच असणार, म्हणून तेही गेलं. घड्याळं तर सुरुवातीलाच गेली. मी एकेक ओळ पुसत होतो आणि माझ्या बाह्या खडूनं पांढऱ्या झाल्या होत्या. मागच्या बाकावर यल्लाप्पा नावाचा एक वयस्क कारकून बसे. तीनदा नापास झालेला. तो हात वर करून कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला, “सर, आता हे वाचून मला समजत नाही. मेलं कोण?”

वर्ग हसला. मी हसलो नाही. मी शिक्षक होतो, म्हणून मी त्याला समजावून सांगितलं की अर्जात मागणी महत्त्वाची असते आणि तपशील हा अडगळीसारखा असतो. “म्हणूनच तुम्ही तीनदा बसलात,” असंही वर म्हणालो. यल्लाप्पानं मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. माझं वाक्यच लिहून घेतलं असणार, असं मी धरून चाललो.

शेवटी अडतीस शब्दांवर गाडी अडली. तिथून पुढे मी स्वतः खडू हातात घेतला. ‘वाइफ ऑफ द लेट’ आणि त्यापुढची मोकळी जागा, सगळं मिळून ‘विडोड’ या एका शब्दात बसत होतं. नाव विचारायचं कामही वाचलं. पाच मिनिटांत मी अर्ज एकोणीस शब्दांत आणला: ‘बीइंग विडोड, हॅव्हिंग अ डॉटर अपिअरिंग फॉर एक्झामिनेशन इन मार्च, दि अंडरसाइन्ड रिक्वेस्ट्स परमिशन टु रिटेन क्वार्टर्स टिल एप्रिल.’ विधवा झालेली, मार्चमध्ये परीक्षेला बसणारी मुलगी असलेली, खाली सही करणारी व्यक्ती एप्रिलपर्यंत क्वार्टर्स ठेवण्याची परवानगी मागते. सबंध वाक्यात एक ‘हू’ नाही. वर्गानं टाळ्या वाजवल्या, आणि मी त्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी तानूबाईंनी खाली सही केली. सकवारनं शिकवलेलं बाळबोध ‘तानूबाई’, एकेक अक्षर दाबून. कागदाकडे बघून त्या म्हणाल्या, “एवढंसंच?”

“यातच सगळं आलंय,” मी म्हणालो. “इंग्रजी भाषेची गंमतच ती आहे, तानूअक्का.”

“सरी, बरं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही म्हणता तर आलंच असेल.”

उत्तर सोळा डिसेंबरला आलं. शनिवार नव्हता, रविवार नव्हता, तरी मला त्या दिवशी शाळेत उशिरा जायचं होतं म्हणून मी घरी होतो. पोस्टमननं गल्लीतल्या चारचौघांसमोर माझ्या हातात लखोटा दिला, माझी हौस अगदी पुरी झाली. नळावरून तानूबाई घागर तशीच ठेवून धावत आल्या. सकवार दप्तर घेऊन शाळेला निघाली होती, तीही थांबली. तुंगाबाई दारात आली.

मी लखोटा फोडला. आत एकच ओळ होती: ‘पार्टिक्युलर्स नॉट हॅव्हिंग बीन फर्निश्ड, द रिक्वेस्ट मेड इज नॉट ग्रँटेड.’

काय वाक्य होतं. ‘अॅज’ नाही, ‘सिन्स’ नाही, ‘विच यू हॅव मेड’ नाही. ‘द रिक्वेस्ट मेड’. एवढंच. अकरा शब्दांत सगळा मामला. असं वाक्य बंगळुरात माझ्याशिवाय एकच माणूस लिहू शकत होता, आणि कागदाच्या कोपऱ्यात मसुदा करणाऱ्याची आद्याक्षरं बघितली तर त्याचीच होती. गुंडो. माझा ऊर भरून आला. मी “वा” म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. “वा, वा. काय लिहिलंय.”

तानूबाईंनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. “सकवार, आत जाऊन साखर घेऊन ये, बेगी,” त्या म्हणाल्या. त्यांना सकवारला स्वतःच्या घरी धाडायचं होतं, पण पोरगी आनंदात माझ्याच स्वयंपाकघरात घुसली आणि आमचाच डबा घेऊन आली. तानूबाईंनी आधी चिमूटभर साखर माझ्या तळहातावर ठेवली, मग तुंगाबाईच्या, मग पोस्टमनच्या. पोस्टमननं ती खाऊनही टाकली.

तळहातावर साखर घेऊन मी ती ओळ दुसऱ्यांदा वाचली. या खेपेला अर्थ लागला. तपशील न दिल्यामुळे केलेली विनंती नामंजूर.

तुंगाबाईला माझा चेहरा वाचता येतो, इंग्रजी येत नसलं तरी. “काय लिहिलंय?” तिनं विचारलं. मी सांगितलं. फार थोड्या शब्दांत सांगितलं. सकवारच्या हातातला डबा तसाच राहिला. तानूबाई माझ्या तळहाताकडे बघत होत्या आणि मला ती साखर खाताही येईना, टाकताही येईना.

“अहो,” तुंगाबाई म्हणाली, “तुम्ही आधी मजकूर वाचता की वाक्य?”

मी शाळेत रजेची चिठ्ठी पाठवली आणि सकवारला, चाचणी परीक्षा होती म्हणून, शाळेत जायला सांगितलं. तानूबाईंना घेऊन बसनं मुख्य कचेरीत गेलो. मी बसमध्ये बसून मनात एक फर्मास इंग्रजी भाषण तयार करत होतो. खोड जात नाही.

कचेरीत शिरलो तेव्हा माझ्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. दरवाजावरच्या घड्याळात चाराला वीस मिनिटं कमी होती. जिन्यावरच्या घड्याळात साडेसात. गुंडोच्या खोलीतलं एक वाजून दहा मिनिटांवर उभं होतं. खातं मोठं बेशिस्त दिसतंय, असं मी मनात म्हटलं. तानूबाई मात्र प्रत्येक घड्याळापाशी थांबत होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

गुंडो खुर्चीवरून उठून माझ्या पाया पडला. “सर, माझा मसुदा पोचला? अकरा शब्द. सुपरिंटेंडेंटसाहेब म्हणाले, जरा मोठं लिही. मी म्हटलं, नाही, आमच्या सरांची पद्धत आहे ही.” त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता. मला त्याला रागवायचं होतं. पण कशाबद्दल रागावणार? त्यानं सांगितलं की अर्जात नाव नाही, क्वार्टर्सचा नंबर नाही, रजिस्टर सगळं पुरुषांच्या नावानं लावलेलं, त्यात तानूबाई कुठे सापडणार? आणि तो लागला ऑक्टोबरात. त्याच्या आधी कोण गेलं, कोण राहिलं, त्याला काय ठाऊक?

त्यानं आम्हांला सुपरिंटेंडेंट सुब्बाराव यांच्यापुढे उभं केलं. सुब्बाराव पन्नाशी उलटलेले जुने म्हैसूरवाले गृहस्थ होते, टेबलावर पानाचा डबा आणि डोक्यावरच्या भिंतीला चार वीसला थांबलेलं एक मोठं घड्याळ. ते कानडीत बोलत होते, मी इथे मराठीत सांगतो. त्यांनी माझा अर्ज हातात घेतला, उलटून मागे काही आहे का ते बघितलं आणि तानूबाईंना विचारलं, “अम्मा, यजमानांचं नाव काय?”

तानूबाईंनी खाली बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं आणि तेव्हा मला कळलं की ते मला माहीत नाही. नऊ वर्षं मी त्या माणसाला नळावर भेटत होतो. त्याच्या प्रेताबरोबर चार पावलं गेलोही होतो. त्याच्या बायकोचं दीड तासाचं सांगणं माझ्या हातानं लिहिलं होतं. वेळ मारून नेण्यासाठी मी बसमध्ये तयार केलेलं भाषण सुरू केलं. “द पेटिशनर, हॅव्हिंग बीन...”

“सुम्मनिरी, मास्तर,” सुब्बारावांनी मला गप्प केलं. “हेळम्मा. नाव येत नसेल तर राहू दे. तुझं तू सांग.”

तानूबाईंची कानडी माझ्यापेक्षा चांगली होती. त्या उभ्याच राहून सांगू लागल्या. ज्यांनी बावीस वर्षं इथे चाकरी केली. जे दर सोमवारी शिडी घेऊन घड्याळांना किल्ली द्यायचे.

सुब्बारावांनी चष्मा काढला. मान मागे करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. “अय्यो,” ते म्हणाले. “पिराजी.”

ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. तानूबाईंनी मान हलवली आणि नवऱ्याचं नाव दुसऱ्याच्या तोंडून आलं म्हणून डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.

“पिराजीची बायको आलीय,” सुब्बारावांनी आत हाक दिली आणि शेजारच्या खोलीतून माणसं येऊ लागली. शिवाप्पा नावाचा एक जाडा क्लार्क आला आणि म्हणाला, माझ्या आईला दवाखान्यात नेलं तेव्हा रात्रपाळी करून आलेला जो माणूस परत माझ्याबरोबर आला, तो पिराजी. टायपिस्ट बाई म्हणाली, मी नवी होते तेव्हा मला कुठल्या साहेबाच्या खोलीत एकटीनं जायचं नाही हे ज्यांनी सांगितलं ते. आणखी कुणी म्हणालं, ज्याच्यामुळे गेल्या साली अर्धं रेकॉर्ड पावसातून वाचलं. सुब्बाराव म्हणाले, माझ्या मुलीच्या लग्नात जो तीन दिवस घरी गेला नाही, तो. जो तो आपापलं ‘जो’ घेऊन आला होता. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. तानूबाईंनी सांगितलेलं सगळं मी त्या सोमवारी संध्याकाळी बाहीनं पुसलं होतं, आणि ही माणसं सांगत होती ते मला ठाऊकच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तानूबाई तीन महिन्यांत गल्लीत कुणासमोर रडल्या नव्हत्या. तिथे, त्या सगळ्यांच्या मधे उभ्या राहून, त्या मोकळेपणानं रडल्या. कुणी त्यांना गप्प केलं नाही. टायपिस्ट बाईनं त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं.

सुब्बारावांनी हुकूम स्वतःच्या हातानं लिहिला. एप्रिल अखेरपर्यंत राहायला हरकत नाही. चांगला अर्धं पान भरून लिहिला, त्यात तीन ‘हू’ होते आणि एक तर सरळ चुकीच्या जागी होता. मी तो तसाच राहू दिला. कागद देताना ते मला म्हणाले, “मास्तर, तुम्ही शिकलेली माणसं. एवढं एक नाव घालायचं होतं.” गुंडो त्यांच्या मागे उभा होता, कान लाल झालेला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, आणि मीही त्याच्याकडे बघितलं नाही.

बाहेर येऊन आम्ही स्टॉपवर उभे राहिलो. तानूबाईंनी हुकुमाचा कागद चार घड्या करून कमरेच्या पिशवीत ठेवला होता आणि वर हात दाबून धरला होता. बस यायला वेळ होता.

“मास्तरअण्णा,” त्या म्हणाल्या, “हे सगळं मी तुमच्या पायरीवर बसून सांगितलं होतं नं? मग त्यांना आज नव्यानं कसं कळलं?”

गुंडोचं नाव पुढे करता आलं असतं. रजिस्टरचं सांगता आलं असतं. मी म्हणालो, “मी ते काढून टाकलं होतं, तानूअक्का.”

“घड्याळांचं?”

“घड्याळांचं. बावीस वर्षांचं. सगळंच.”

त्यांनी कमरेच्या पिशवीवरून हात फिरवला. “मग कागदावर राहिलं काय होतं?”

“विधवा,” मी म्हणालो. “आणि मुलगी. आणि क्वार्टर्स.”

“हे नव्हते?”

“नव्हते.”

समोरून बस येताना दिसली. तानूबाई रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं, आणि समजावून सांगणारा मास्तर म्हणून त्या माझ्याकडे बघत होत्या.

“मला त्यांचं नाव घेता येत नाही, अण्णा,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला काय झालं होतं?”